घरी न्या म्हटल्यानंतर

‘आता घरी न्या. सेवा करा.’ मोठ्या इस्पितळांच्या ओपीडीत, वॉर्डाच्या दाराशी, कधी जिन्यात उभ्या उभ्या हे शब्द रोज कुणाला ना कुणाला ऐकावे लागतात. केमो थांबवलेली असते, मूत्रपिंडं निकामी झालेली असतात, किंवा दुसऱ्या झटक्यानंतर वडिलांना गिळताही येत नसतं. डॉक्टरांचा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो. त्या टप्प्यावर अतिदक्षता विभागातल्या नळ्यांनी माणसाचं काही भलं होणार नसतं, आणि बहुतेक आजाऱ्यांनाही आपल्याच घरात, आपल्याच माणसांत डोळे मिटायचे असतात. पण डिस्चार्जच्या कागदावर चार औषधांच्या नावांखाली जागा कोरी राहते. रात्री दोन वाजता वेदना असह्य झाल्या तर काय द्यायचं, फोन कुणाला करायचा, पाठीवर जखम होऊ नये म्हणून कुशीवर कसं वळवायचं, खाणं बंद झालं तर काय करायचं, शेवट जवळ आला हे ओळखायचं कसं, यातलं काहीही त्या कागदावर नसतं. कुटुंब रुग्णाला घेऊन घरी येतं आणि संध्याकाळपर्यंत बाहेरच्या खोलीचा वॉर्ड झालेला असतो. त्या वॉर्डात डॉक्टर नसतो, नर्स नसते आणि रात्रपाळीला कुणीच येणार नसतं.

ऑक्टोबर महिन्यातला दुसरा शनिवार २००५ सालापासून जगभर हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो पितृपक्षाच्या मागेपुढे येतो. गेलेल्यांचं पान वाढण्याचे हे दिवस, त्यामुळे जाणाऱ्यांची आणि त्यांच्या उशाशी बसलेल्यांची चौकशी करायलाही हीच वेळ योग्य आहे. आजार बरा होणार नाही हे कळल्यावरही वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश आणि भीती यांवर उपचार करता येतात, आणि ते घरीही करता येतात. पॅलिएटिव्ह केअर म्हणतात ती हीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख माणसांना तिची गरज असते आणि त्यांतल्या जेमतेम १४ टक्क्यांना ती मिळते. फक्त कर्करोगाच्या रुग्णांनाच ती लागते असंही नाही. हृदय थकलेले, फुप्फुसं निकामी होत आलेले, स्मृतिभ्रंश झालेले, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, अशा सगळ्यांचा त्यांत समावेश आहे.

या विचाराला आधुनिक रूप दिलं ते लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांनी. आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह, सुरू केलं. मरणाऱ्या माणसाचं दुखणं केवळ शरीराचं नसतं, त्यात पैशाची विवंचना, नात्यांतले ताण आणि मनातली भीती मिसळलेली असते, हे त्यांचं म्हणणं. दोनच वर्षांत त्यांच्या संस्थेचं पथक रुग्णांच्या घरी जाऊ लागलं, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईतलं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झालं. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. तिथे रुग्णाबरोबर घरचं माणूस राहतं, वेदना आटोक्यात आणल्या जातात, शुश्रूषा कशी करायची हे त्या माणसाला शिकवलं जातं आणि मग दोघं घरी परततात. हे सगळं विनामूल्य. अशा संस्था वाढायलाच हव्यात. पण साडेबारा कोटींच्या राज्याला पुरतील इतक्या खाटा कधीच होणार नाहीत, आणि व्हायची गरजही नाही. घरच हे काम करत आलं आहे. प्रश्न आहे तो घराच्या मदतीला कोण येतं याचा.

त्या घरात हे काम कोण करतं हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही, तरी ते झालेलं आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातल्यांची शुश्रूषा आणि संगोपन करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देतात आणि पुरुष ७६. स्वयंपाक, धुणीभांडी त्यात धरलेली नाहीत. सरासरी मोठ्या लोकसंख्येची असते. ज्या घरात माणूस अंथरुणावर आहे तिथे मिनिटांत मोजण्यासारखं काही उरत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर बदलायचा, लघवीची पिशवी रिकामी करायची, एअर बेडची हवा पाहायची, औषधांच्या वेळा सांभाळायच्या आणि त्याच्यामध्ये पोळ्या. ती सून असते, लग्न न झालेली मुलगी असते, पुष्कळदा पंचाहत्तरीची बायको असते, जिचे स्वतःचे गुडघे गेलेले आहेत आणि जिला ऐंशीच्या नवऱ्याला उचलून बसवायचं आहे. मुलगा पुण्यात किंवा न्यू जर्सीत असतो, रोज व्हिडिओ कॉल करतो, पैसे पाठवतो आणि मनातून कुढत असतो. शहरात ब्यूरोच्या मावशी मिळतात, पण बारा तासांच्या ड्यूटीचे महिन्याचे पैसे अनेक घरांत कमावत्या माणसाच्या पगाराइतके होतात. त्या मावशींनाही कुणी नीट शिकवलेलं नसतं. आणि त्यांच्या घरी कुणी आजारी पडलं तर त्यांची सुटी बिनपगारी असते.

भेटायला येणाऱ्यांची मात्र कमतरता नसते. ते फळं आणतात, खुर्चीत बसतात, चहा घेतात, कुठल्या तरी गावच्या काढ्याचं नाव सांगतात आणि निघताना दाराशी थांबून ‘किती खंगलेत हो’ असं हळूच म्हणतात. त्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण त्यांच्यातल्या एकानेही ‘तू दोन तास झोप, मी बसतो इथे’ असं म्हटलं तर त्या घराला त्या आठवड्यातला सर्वांत मोठा आधार मिळेल. महिनोन् महिने सलग झोप न मिळालेल्या बाईची चिडचिड होते, ती एखाद्या दिवशी आजाऱ्यावर ओरडते, मग रात्री रडते. या थकव्यावर उपचार आहे, आणि तो म्हणजे तिच्या जागी दुसरं माणूस.

घरच्यांना सर्वांत जास्त छळतं ते आजाऱ्याचं न खाणं. आजींनी पेजेचा घोट तोंडातून बाहेर काढला की सून रडकुंडीला येते, नणंद म्हणते सलाईन लावा, शेजारी म्हणतात नाकातून नळी घाला. आपल्याकडे माया मोजली जाते ती पानात वाढलेल्या अन्नाने, त्यामुळे आपल्या घरात माणूस उपाशी जातंय ही कल्पनाच सहन होत नाही. खरं असं आहे की मृत्यू जवळ आलेलं शरीर अन्न मागेनासं होतं, कारण ते पचवणं त्याला झेपत नाही. भूक जाते, तहान मंदावते. अशा वेळी जबरदस्तीने भरवलेला घास श्वासनलिकेत उतरू शकतो. सलाईनचं पाणी अंगावर सूज आणू शकतं, छातीतला कफ वाढवू शकतं. करण्यासारखं तरीही पुष्कळ असतं. ओल्या बोळ्याने तोंड आतून पुसायचं, ओठ कोरडे पडू द्यायचे नाहीत, मागितलं तर आवडीच्या आमटीचा एक चमचा द्यायचा, नाही मागितलं तर हात हातात घेऊन बसायचं. हे समजावून सांगायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढी मिनिटं कुणी न दिल्यामुळे कितीतरी मुली आईला आपण उपाशी मारलं ही सल वर्षानुवर्षं बाळगतात.

शेवटच्या दिवसांबद्दलही तेच. हातपाय गार पडतात, श्वास थांबून थांबून येतो, माणूस बराच वेळ झोपेत असतो, कधी न दिसणाऱ्या माणसांशी बोलतो. मग घशात घरघर लागते. ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, पण बहुधा त्या वेळी आजाऱ्याची शुद्ध हरपत आलेली असते आणि त्याला तिचा फारसा त्रास होत नसतो. कुशीवर वळवलं, गरज पडली तर एखादं इंजेक्शन दिलं, तर ती कमी होते. हे आधी माहीत असलेलं कुटुंब उशाशी बसून राहतं. माहीत नसलेलं कुटुंब घाबरून रुग्णवाहिका बोलावतं, आणि घरी जाण्यासाठी आणलेलं माणूस कॅज्युअल्टीच्या स्ट्रेचरवर, छातीवर दाब घेत, अनोळखी लोकांत जातं. त्या कुटुंबाला दोष देण्यात अर्थ नाही. रात्री अडीचला उचलला जाईल असा एक फोन नंबर त्यांच्याकडे असता तर त्यांनी आधी तो फिरवला असता.

वेदनेचं औषध हा याहून कठीण भाग आहे. तीव्र वेदनांवर तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या जगभर वापरल्या जातात. त्या महाग नाहीत. ज्या अफूपासून मॉर्फिन काढतात तिची कायदेशीर शेती आपल्या मध्य प्रदेशात, राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने नशेला आवर घालताना दुखणेकऱ्यालाही अडवलं. एका औषधासाठी निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने लागू लागले, औषध दुकानदारांनी ते ठेवणं सोडून दिलं आणि पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. डॉक्टरांच्या दोन पिढ्या हे औषध हाताळायला न शिकताच तयार झाल्या. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच परवानगीवर मॉर्फिन ठेवता येऊ लागलं. कायदा बदलला तरी तालुक्याच्या गावात ते आजही सहज मिळत नाही. ‘व्यसन लागेल’, ‘लवकर जाईल’ ही भीती घराघरांत आहे आणि काही दवाखान्यांतही आहे. वेदनेच्या मापाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बद्धकोष्ठाच्या औषधासोबत दिलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही, झोपू देतं. कर्करोग हाडांत उतरलेल्या माणसाच्या मुलाला शंभर किलोमीटरवरच्या शहरातून गोळ्या आणाव्या लागाव्यात, हे आपल्या सार्वजनिक आरोग्याचं साधंसुधं अपयश नाही.

केरळने हे वेगळ्या रीतीने केलं. कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात १९९३ साली राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि काही स्वयंसेवकांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. रुग्ण दवाखान्यापर्यंत येऊ शकत नाहीत हे लवकरच ध्यानात आलं, तेव्हा उत्तर केरळात, विशेषतः मलप्पुरम जिल्ह्यात, गावोगावच्या सामान्य माणसांनी हे काम हाती घेतलं. शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, विद्यार्थी थोडं प्रशिक्षण घेऊन आपल्याच वस्तीतल्या आजाऱ्यांच्या घरी जाऊ लागले. ते जखम बांधतात, वर्गणीतून नर्सचा पगार भागवतात, कमावतं माणूस पडलेल्या घरी तांदूळ पोचवतात, मुलांच्या शाळेचं पाहतात. २००८ साली राज्य सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण जाहीर केलं आणि पंचायतींना त्यात ओढलं. पंचायतीच्या पैशातून नेमलेली प्रशिक्षित नर्स गाडी घेऊन घरोघर फिरते, सोबत आशा कार्यकर्ती असते, कधी पंचायत सदस्यही असतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पूर्णवेळ काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये देणारी आश्वासकिरणम् नावाची योजनाही केरळात आहे. रक्कम तुटपुंजी आहे. पण काळजी घेणारी बाई सरकारच्या कागदावर निदान आली.

महाराष्ट्रात धोरण नाही असं नाही. पॅलिएटिव्ह केअरचं धोरण करणाऱ्या मोजक्या राज्यांत आपलं नाव आहे. २०१२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, काही जिल्हा रुग्णालयांत कक्ष आहेत, टाटा रुग्णालयाचं पथक मुंबईत घरी जातं, आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत ही सेवा छापलेली आहे. यादीतली ती ओळ वाडीवस्तीपर्यंत पोचत नाही, पण ती कशी पोचवायची हे महाराष्ट्राला कुणी केरळातून येऊन सांगायला नको. घरात शिरून आरोग्यसेवा देण्याचा भारतातला एक मोठा प्रयोग इथलाच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू किती घटले याचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, पुढे ती पद्धत देशभर स्वीकारली गेली आणि आज दवाखान्यातून बाळ घरी आलं की आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा त्याला पाहायला जाते. तिच्याजवळ वजनकाटा असतो, तापमापी असते, काय पाहायचं याचा तक्ता असतो, प्रत्येक घराच्या कामाचा मोबदला ठरलेला असतो. आयुष्याच्या पहिल्या सहा आठवड्यांसाठी जे जमलं ते शेवटच्या सहा आठवड्यांसाठी जमणार नाही असं आम्हांला वाटत नाही. अट एवढीच की हे आशांच्या डोक्यावरचं आणखी एक फुकटचं ओझं होऊ नये. आधीच पाठीवर भरमसाट नोंदवह्या असलेल्या, मानधनासाठी पुन्हा पुन्हा आझाद मैदानावर बसावं लागलेल्या बायका आहेत त्या. त्यांना प्रशिक्षण हवं, वेगळा मोबदला हवा, आणि त्यांच्या पाठीशी जखम, कॅथेटर आणि इंजेक्शन हाताळणारी एक नर्स हवी.

पैशाचा आणि रजेचा प्रश्न याला चिकटून येतो. आरोग्यविम्याची बहुतेक रचना दवाखान्यात भरती होण्याभोवती उभी आहे. शेवटच्या महिन्यात अतिदक्षता विभागाच्या लाखोंच्या बिलाला विमा मिळू शकतो, पण घरी येणाऱ्या नर्सला, भाड्याच्या खाटेला, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला आणि डायपरला बहुधा मिळत नाही. मग कुटुंबाने इस्पितळाचा रस्ता धरला तर नवल काय? संजय गांधी निराधार योजनेत कर्करोग आणि पक्षाघाताचे निराधार रुग्ण बसतात, महिना दीड हजार रुपये मिळतात, पण उत्पन्नाचा दाखला, प्रस्ताव, समितीची बैठक होईतो पुष्कळ रुग्ण गेलेले असतात. या रुग्णांचे अर्ज आठवड्यात निकाली काढण्याची सोय तहसील पातळीवर करता येण्यासारखी आहे. नोकरदारांसाठी बाळंतपणाची रजा आहे, बालसंगोपनाची आहे. मरणाऱ्या आईजवळ बसण्यासाठी वेगळी रजा नाही, लोक आपल्या साठवलेल्या रजा मोडतात आणि त्या संपल्या की बिनपगारी राहतात. कॅनडात अशा कामासाठी २६ आठवड्यांपर्यंत रोजगार विम्यातून भत्ता मिळतो. आपल्याकडे राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तीन-चार आठवड्यांची रजा सुरू केली तरी खासगी क्षेत्राला एक पायंडा दिसेल. ऊसतोडीला न जाता बापाजवळ थांबलेल्या मुलाला रजेचा उपयोग नाही. त्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई कशातून द्यायची, याचा विचार रोजगार हमीची परंपरा असलेल्या महाराष्ट्राने करावा.

माणूस गेल्यानंतरचे दोन तासही आपण फार कठीण करून ठेवले आहेत. घरी मृत्यू झाला की स्मशानात नेण्याआधी डॉक्टरांचा दाखला लागतो. पूर्वी गल्लीतले फॅमिली डॉक्टर येऊन देत. आता रात्री कुणी येत नाही, ज्यांनी हल्ली पाहिलेलं नाही ते सही करायला बिचकतात, आणि भावाला अंधारात स्कूटर घेऊन दवाखाने पालथे घालावे लागतात. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला ताबडतोब आणि विनाशुल्क द्यावा अशी तरतूद आहे. घरी सेवा देणाऱ्या पथकात रुग्णाची आधीच नोंद असली तर हा प्रश्न निर्माणच होत नाही. उपचार कुठे थांबवावेत याबद्दलची आपली इच्छा लिहून ठेवायचीही आता सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती मान्य केली आणि २०२३ च्या जानेवारीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. असा कागद असला की दवाखान्याच्या दारात ‘व्हेंटिलेटर लावू का’ या प्रश्नाचं उत्तर मुलांना एकट्याने द्यावं लागत नाही. म्हातारी माणसं मुलांशी हे बोलायला पुष्कळदा तयार असतात, ‘असलं अभद्र बोलू नका’ म्हणून मुलंच त्यांना गप्प करतात. त्यांचं ऐकून घेतलं पाहिजे.

तेराव्यानंतर मांडव उतरतो, पाहुणे जातात आणि वर्षभर घड्याळाच्या काट्यावर जगलेली बाई मोकळी होते. तिला झोप येत नाही. दर दोन तासांनी जाग येते. चांगली पॅलिएटिव्ह पथकं या टप्प्यावरही घरी जातात, तिचा रक्तदाब आणि साखर तपासतात, तिला बोलू देतात. आपल्या कार्यक्रमांच्या कागदांत ही भेट घातली पाहिजे.

२ ऑक्टोबरपासून गावोगावच्या ग्रामसभांत पुढल्या वर्षाचा विकास आराखडा ठरवायला सुरुवात होते. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, पथदिवे यांच्या मागण्या नेहमीसारख्या येतील. या वेळी कुणीतरी उठून विचारावं की गावात अंथरुणाला खिळलेली माणसं किती आहेत आणि त्यांच्याजवळ कोण बसतं. आशाताईला ती घरं तोंडपाठ असतात, यादी एका सभेत तयार होईल. मग आराखड्यात दोन एअर बेड, एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, चाकाची खुर्ची, शेजारच्या चार-पाच गावांना मिळून एका नर्सचा पगार आणि तिच्या गाडीचं पेट्रोल एवढ्या ओळी घालून घ्याव्यात. नगरपालिकांनी प्रभागवार हेच करावं. आणि जिल्हा रुग्णालयाने मॉर्फिनचा परवाना घेतला आहे का, हे जिल्हा परिषदेच्या पुढच्याच सभेत आरोग्य अधिकाऱ्यांना विचारावं.